उत्कंठेचा चोख हिशेब

रहस्यकादंबरी आपल्या घरांत बराच काळ उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. वडीलधाऱ्यांच्या दृष्टीने ती प्रवासात वेळ घालविण्याची वस्तू होती. स्टेशनावरच्या दुकानातून घ्यावी, गाडीत वाचावी आणि उतरताना बाकावर ठेवून यावी. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांच्या झुंजार, धनंजय आणि काळा पहाड या नायकांनी महाराष्ट्रातील कित्येक पिढ्यांना वाचनाची गोडी लावली. तरीही दिवाणखान्यातील काचेच्या कपाटात या पुस्तकांना जागा मिळाली ती क्वचितच. ती उशीखाली राहिली किंवा दुकानाच्या गल्ल्यामागे.

या उपेक्षेचे एक कारण योग्यच आहे. रहस्याच्या नावाखाली पुष्कळ हलके लेखन बाजारात आले आणि येत आहे. परंतु नकली मोत्यांच्या भीतीने कोणी खऱ्या मोत्यांचा व्यापार सोडत नाही, पारख शिकतो. रहस्यकादंबरीचीही पारख करता येते, आणि तिची कसोटी व्यापारी घरांतील वाचकांना समजावून सांगण्याची फारशी गरज पडू नये.

ती कसोटी अशी. रहस्यकादंबरी हा लेखक आणि वाचक यांच्यामधील विश्वासाचा व्यवहार आहे. वाचक आपला वेळ आणि आपला विश्वास लेखकाला उधार देतो. लेखक शेवटच्या पानापर्यंत ती रक्कम वापरतो आणि मग व्याजासह परत करतो. प्रामाणिक लेखक आपल्या वहीतील एकही नोंद लपवीत नाही. उकल ज्यावर अवलंबून आहे ती प्रत्येक गोष्ट त्याने आधीच आपल्यासमोर मांडलेली असते. आपण ती वाचलेली असते आणि तिचे महत्त्व मात्र ओळखलेले नसते. अप्रामाणिक लेखक शेवटच्या प्रकरणात कोठूनतरी एक नवा माणूस आणतो, कोणाचा तरी जुळा भाऊ उभा करतो आणि हिशेब जुळवून दाखवितो. तेथे वाचकाची फसवणूक झालेली असते. म्हणून चांगल्या रहस्यकादंबरीची खूण एकच : शेवट कळल्यानंतर ती पुन्हा पहिल्या पानापासून वाचावीशी वाटते, आणि दुसऱ्या वाचनात प्रत्येक नोंद जागच्या जागी सापडते.

या कसोटीला उतरलेल्या, परंतु निरनिराळ्या जातकुळीच्या काही कादंबऱ्यांचा परिचय येथे करून देत आहे. एकाही कादंबरीचा शेवट येथे उघड केलेला नाही, याची खात्री वाचकांनी बाळगावी.

चोरीचा हिरा आणि धुण्याची वही

प्रारंभ जुन्या घराण्यापासून करू. विल्की कॉलिन्स या इंग्रज लेखकाची ‘द मूनस्टोन’ ही कादंबरी 1868 मध्ये प्रसिद्ध झाली. चार्ल्स डिकन्सच्या साप्ताहिकातून ती क्रमशः येत असे. कथेच्या मुळाशी एक पिवळा हिरा आहे. तो एके काळी सोमनाथाच्या चंद्रदेवतेच्या मूर्तीवर होता, अशी कादंबरीतील कल्पना आहे. 1799 मध्ये श्रीरंगपट्टणच्या लुटीत तो एका इंग्रज अधिकाऱ्याच्या हाती लागतो आणि पुढे इंग्लंडातील एका तरुणीला तिच्या अठराव्या वाढदिवशी मिळतो. त्याच रात्री तो नाहीसा होतो. घर बंद आहे आणि माणसे घरचीच आहेत. जिचा हिरा गेला ती तरुणी मात्र चौकशीत एक शब्दही बोलत नाही.

ही कथा एका निवेदकाने सांगितलेली नाही. वृद्ध कारभारी, धर्माचे अवडंबर माजविणारी एक नातलग बाई, कुटुंबाचा वकील, एक तरुण आप्त अशा अनेकांनी आपापली जबानी लिहिली आहे. प्रत्येक जण जे पाहिले तेवढेच सांगतो, परंतु स्वतःच्या स्वभावाच्या चष्म्यातून सांगतो. कोणाची साक्ष किती धरावी, हे वाचकाला ठरवावे लागते. चौकशीला आलेला सार्जंट कफ हा गुलाबांचा शौकीन पोलीस अधिकारी ताज्या रंगविलेल्या दारावरचा एक डाग पाहतो आणि घरातील धुण्याची वही मागवितो. रंग कोणाच्या तरी कपड्याला लागला असणार; मग कोणता कपडा धुण्याच्या नोंदीत कमी आहे? हिऱ्याचा शोध धुण्याच्या वहीतून घेणारा हा माणूस ज्याने रोजमेळ लिहिला आहे त्याला लगेच आपला वाटेल.

घड्याळाशी लावलेली पैज

रहस्यासाठी गुन्हा आवश्यकच असतो असे नाही. ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाची ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणेची कादंबरी 1872 मध्ये वृत्तपत्रातून क्रमशः आली आणि 1873 मध्ये पुस्तकरूपाने निघाली. फिलिअस फॉग हा अबोल लंडनवासी आपल्या क्लबातील मित्रांशी वीस हजार पौंडांची पैज लावतो आणि त्याच रात्री निघतो. उत्कंठा एवढीच की, तो वेळेवर परत पोहोचेल काय?

या प्रवासात मुंबई येते. फॉगचा नोकर पासपार्तू मलबार हिलवरील एका देवळात पायांत बूट घालून शिरतो आणि त्यातून पुढे मोठे संकट उद्भवते. मुंबई ते कलकत्ता रेल्वे पूर्ण झाल्याची बातमी वृत्तपत्रांत छापून आलेली असते. प्रत्यक्षात मध्येच रूळ संपतात आणि फॉगला भलत्याच किमतीला हत्ती विकत घ्यावा लागतो. तरी तो विचलित होत नाही. तो आपल्या टिपणवहीत दोन रकाने ठेवतो, एक मिळविलेल्या वेळेचा आणि एक गमावलेल्या वेळेचा, आणि रोज शिल्लक काढतो. शेवटाची किल्ली लेखकाने फार लवकर वाचकाच्या हाती दिलेली आहे. पासपार्तूच्या खिशातील घड्याळाकडे लक्ष ठेवावे, एवढेच येथे सुचवितो. दहा-बारा वर्षांच्या मुलामुलींना उत्कंठेची ओळख करून द्यायची तर याहून निर्मळ पुस्तक सापडणे कठीण. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्नला मराठी मुलांच्या ओळखीचे केले आणि स्वतःचा फास्टर फेणेही दिला. घरातील लहानांसाठी या दोन्ही वाटा खुल्या आहेत.

मुदतीची हुंडी

अलेक्झांद्र द्यूमाची ‘द काउंट ऑफ माँटे क्रिस्टो’ ही 1844 ते 1846 या काळात वृत्तपत्रातून आलेली विशाल कादंबरी सूडाची कथा म्हणून ओळखली जाते. व्यापारी वाचकाला ती मुळात पत आणि विश्वासघात यांची कथा वाटेल. मार्सेय बंदरातील मोरेल या सचोटीच्या पेढीच्या जहाजावर एदमाँ दाँतेस हा एकोणीस वर्षांचा तरुण अधिकारी आहे. मालक त्याला कप्तान करणार आहेत. त्याच जहाजावर माल व हिशेब सांभाळणारा दाँग्लार मनात जळत असतो. एक निनावी पत्र लिहिले जाते आणि वाङ्निश्चयाच्या मेजवानीतूनच दाँतेसला पकडून नेतात. त्यानंतर समुद्रातील किल्ल्यात चौदा वर्षांची कैद आहे.

कादंबरीतील सर्वांत उत्कंठावर्धक प्रकरणांत तलवार नाही. मोरेलांची पेढी बुडत चालली आहे. जहाजे परत येत नाहीत. 2,87,500 फ्रँकांच्या देण्याची मुदत 5 सप्टेंबरला सकाळी अकरा वाजता संपणार आहे. शेवटच्या जहाजाच्या नाशाची वार्ता आली आहे. आजवर एकही हुंडी न नाकारलेला तो वृद्ध गृहस्थ बंद खोलीत बसला आहे आणि घड्याळाचा काटा पुढे सरकतो आहे. देणे वेळेवर फेडता न येणे म्हणजे काय, हे ज्या घरांना पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहे, त्यांना ही पाने वाचताना श्वास रोखावाच लागेल. पुस्तक मोठे आहे. मुलांच्या हाती संक्षिप्त आवृत्ती देण्यास हरकत नाही. प्रौढांनी मात्र संपूर्णच वाचावे. दाँतेसचा सूड पुरा होत असताना निरपराध माणसेही त्यात होरपळतात, आणि सूड घेणाऱ्याला स्वतःच्या अधिकाराविषयी शंका येऊ लागते. संक्षेपात नेमका तोच भाग गळतो.

पाटणचे मंत्री

द्यूमाचा प्रभाव समीक्षकांनी एका भारतीय लेखकावर दाखवून दिला आहे. ते म्हणजे मुंबईत वकिली करणारे आणि पुढे भारतीय विद्या भवनाची स्थापना करणारे कन्हैयालाल मुनशी. त्यांची ‘पाटणनी प्रभुता’ 1916 मध्ये ‘घनश्याम’ या टोपणनावाने प्रसिद्ध झाली. त्यानंतर ‘गुजरातनो नाथ’ आली. सोळंकी राजांच्या काळातील पाटण हे तिचे स्थळ आहे आणि मुंजाल महेता हा जैन महामंत्री तिच्या केंद्रस्थानी आहे. लाटेतून आलेला काक भट हा बुद्धिमान व धाडसी योद्धा, तरुण राजा जयसिंह, खंभातचा उदा महेता आणि अवंतीहून आलेल्या एका तरुणाच्या जन्माचे कोडे यांतून दरबाराचे राजकारण उलगडत जाते. कोण कोणाच्या बाजूने बोलत आहे आणि मनात काय राखून आहे, हे प्रत्येक प्रकरणागणिक पुन्हा तपासावे लागते.

ज्या घरांत गुजराती वाचली जाते त्यांनी ही मूळ भाषेतच वाचावी. अलीकडे तिचे चांगले इंग्रजी अनुवादही झाले आहेत. एक गोष्ट लक्षात ठेवावी. ही कादंबरी आहे, इतिहासग्रंथ नव्हे. आपल्या पूर्वजांची त्यातील चित्रे कादंबरीकाराच्या कल्पनेने रंगविलेली आहेत. ती सर्वच रुचतील असे नाही, आणि त्यांवर घरात वाद झाला तर तोही वाचनाचा लाभच समजावा.

ग्रंथभांडारातील चक्रव्यूह

उम्बेर्तो एको या इटालियन विद्वानाची ‘द नेम ऑफ द रोज’ ही कादंबरी 1980 मध्ये प्रसिद्ध झाली. 1327 साल आहे. उत्तर इटलीतील डोंगरावर एक श्रीमंत ख्रिस्ती मठ आहे आणि त्याचे ग्रंथालय सर्व ख्रिस्ती जगात विख्यात आहे. मठात एकामागून एक संशयास्पद मृत्यू होऊ लागतात. बास्करव्हिलचा विल्यम हा तर्कनिष्ठ साधू आणि त्याचा तरुण शिष्य आद्सो सात दिवस शोध घेतात. ग्रंथालयाची रचना चक्रव्यूहासारखी आहे आणि ग्रंथपालाखेरीज कोणालाही आत जाण्याची अनुज्ञा नाही. तेथे एक पुस्तक आहे, आणि ते कोणाच्याही दृष्टीस पडू नये अशी कोणाची तरी इच्छा आहे.

जेसलमेर, पाटण किंवा आपल्या विदर्भातील कारंजा येथील हस्तलिखितांची भांडारे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना या कादंबरीचा खरा विषय तत्काळ कळेल. ग्रंथ जपणे आणि ग्रंथ दडविणे यांत अंतर किती? ज्ञानाचा रक्षक ज्ञानाचा मालक केव्हा होतो? शास्त्रचर्चा आणि त्या काळातील धार्मिक राजकारण यांमुळे प्रारंभीची शंभर पाने जड जातात. धीर धरावा, त्यानंतर पुस्तक हातातून सुटत नाही. ही प्रौढ वाचकांची कादंबरी आहे.

नव्या सुनेचे घर

दाफ्ने द्यू मोरिए हिची ‘रिबेका’ (1938) ही मनाच्या आतील रहस्याची कथा. एका श्रीमंत विधुराशी लग्न करून एक साधी, बुजरी मुलगी मँडर्ले या भव्य वाड्यात येते. वाड्यातील प्रत्येक वस्तूवर पहिल्या पत्नीची, रिबेकाची, छाप आहे. तिच्या हस्ताक्षरातील नोंदी, तिने ठरविलेली जेवणाची पद्धत, तिच्या आवडीची फुले. घराची कारभारीण मिसेस डॅन्व्हर्स नव्या मालकिणीला क्षणभरही विसरू देत नाही की, ती कोणाच्या जागी आली आहे. कथा सांगणारी ही नायिकाच आहे, आणि संपूर्ण कादंबरीत तिचे नाव एकदाही येत नाही.

लेखिकेची कमाल अशी की, ती काहीच लपवीत नाही. नायिका जे पाहते ते सर्व आपल्याला दिसते; चुकतो तो तिने लावलेला अर्थ, आणि तिच्याबरोबर आपणही चुकतो. भीतीच्या पोटी माणूस समोरच्याच्या मौनाचा कसा विपरीत अर्थ लावतो, हे दाखविणारे इतके प्रत्ययकारी पुस्तक विरळा. आल्फ्रेड हिचकॉकने 1940 मध्ये यावर चित्रपट काढला. 1964 चा हिंदी ‘कोहरा’ही याच कथेवरचा. तरी कादंबरी वाचण्याचा अनुभव वेगळाच आहे. नव्या घरात आलेल्या सुनेने ती वाचावी, आणि सासूनेही.

बेट आणि गुलाबांची वसाहत

खून कोणी केला, या प्रश्नाची राणी म्हणजे ॲगाथा ख्रिस्ती. तिची ‘अँड देन देअर वेअर नन’ (1939) ही शोधक नसलेली शोधकथा आहे. एका बेटावर दहा अपरिचित माणसांना आमंत्रण येते. यजमानाचा पत्ता नाही. पहिल्याच रात्री ग्रामोफोनच्या तबकडीतून प्रत्येकावर एकेका मृत्यूचा आरोप ऐकू येतो. हे सर्व गुन्हे असे आहेत की, कायदा त्यांना शिवू शकला नव्हता. त्यानंतर माणसे एकेक करून कमी होऊ लागतात. ख्रिस्तीच्या पुस्तकांत रक्त फारसे दिसत नाही. न्यायालयातून सुटलेला माणूस स्वतःच्या स्मृतीतून सुटतो काय, हा प्रश्न येथे दिसतो, आणि तो अस्वस्थ करतो.

तिच्या शेजारी शरदिंदू बंद्योपाध्याय यांना बसवावे. त्यांचा ब्योमकेश बक्षी 1932 मध्ये अवतरला. त्याला डिटेक्टिव्ह हा शब्द आवडत नाही. तो स्वतःला सत्यान्वेषी म्हणवितो. शरदिंदू बाबू चित्रपटलेखनासाठी मुंबईत आले, पुढे पुण्यात स्थायिक झाले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले. बंगालच्या या सत्यान्वेषीच्या उत्तरार्धातील अनेक कथा महाराष्ट्राच्या भूमीत लिहिल्या गेल्या. ‘चिडियाखाना’ ही त्यांतील दीर्घ कादंबरी. कलकत्त्याबाहेर एका निवृत्त न्यायाधीशाने गुलाबांची बाग व दूधदुभत्याची वसाहत वसविली आहे आणि भूतकाळ डागाळलेल्या माणसांना आश्रय दिला आहे. त्यांना कोणीतरी मोटारीचे सुटे भाग निनावी भेट म्हणून पाठवीत आहे. सत्यजित राय यांनी 1967 मध्ये यावर चित्रपट केला. दया केलेल्या माणसांवर विश्वास किती ठेवावा, हा या कथेचा पेच आहे.

शेवट ठाऊक असतानाही

पुढील दोन कादंबऱ्यांत लेखक आपली सर्व पाने प्रारंभीच उघडी करतो. फ्रेडरिक फोर्सिथची ‘द डे ऑफ द जॅकल’ (1971) फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांच्या हत्येच्या कटावर आहे. द गॉल 1970 मध्ये नैसर्गिक मृत्यूने गेले, हे प्रत्येक वाचकाला ठाऊक होते. ज्याचा शेवट सर्वांना माहीत आहे ती कादंबरी कोण वाचणार, अशा विचाराने काही प्रकाशकांनी हस्तलिखित परत केले. परंतु पत्रकारितेतून आलेल्या फोर्सिथने प्रश्नच बदलला. कट फसला हे ठाऊक आहे. तो कसा फसला? एकीकडे मारेकरी बनावट पारपत्र, खास बनवून घेतलेली बंदूक आणि वेषांतर यांची शांतपणे जुळवाजुळव करतो. दुसरीकडे क्लोद लबेल हा साधासुधा पोलीस अधिकारी हॉटेलांच्या नोंदी आणि दप्तरे चाळीत त्याच्या जवळ पोहोचतो. लबेल जिंकतो ते केवळ कागदावरील चिकाटीने. कथेत हिंसा व प्रौढ प्रसंग आहेत, म्हणून ती मोठ्यांसाठीच.

दुसरी कादंबरी जपानी लेखक केइगो हिगाशिनो यांची ‘द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स’ (2005). पहिल्याच प्रकरणात गुन्हा आपल्या डोळ्यांसमोर घडतो. घटस्फोटित पतीच्या छळाने त्रासलेली एक स्त्री आणि तिची मुलगी यांच्या हातून तो घडतो, आणि शेजारी राहणारा गणिताचा एकाकी शिक्षक इशिगामी त्यांना वाचविण्याचे ठरवितो. तो तिच्या दुकानातून रोज जेवणाचा डबा घेतो, एवढाच त्यांचा परिचय. पुढे त्याच्या बुद्धीशी त्याचाच जुना मित्र, एक भौतिकशास्त्रज्ञ, सामना करतो. सर्व काही आपल्याला ठाऊक आहे असे वाटत असतानाच, आपल्याला मुख्य गोष्टच ठाऊक नव्हती हे उमगते. आणि मागे जाऊन पाहावे तर ती प्रत्येक पानावर लिहिलेली असते. चोख हिशेबाचा याहून सुंदर नमुना आधुनिक रहस्यवाङ्मयात क्वचितच आढळेल. जपानमधील मानाचा नाओकी पुरस्कार तिला लाभला.

विज्ञान आणि भय

मराठीतील दोन नावांवाचून ही यादी अपुरी राहील. जयंत नारळीकर यांची ‘वामन परत न आला’ ही विज्ञानकादंबरी. शास्त्रीय प्रयोगासाठी खोदकाम चालू असता जमिनीखाली एक प्राचीन, बंद पेटी सापडते. आपल्याहून प्रगत अशी एखादी संस्कृती पूर्वी नांदून गेली होती, असे तिच्यावरून दिसते. तिने मागे ठेवलेले ज्ञान वापरावे काय? आणि एवढी प्रगत संस्कृती नाहीशी का झाली? हा दुसरा प्रश्न विचारण्यापूर्वीच पहिल्याचे उत्तर देण्याची घाई माणसाला होते, आणि तेथेच कादंबरीची उत्कंठा आहे. यंत्रांनाच बुद्धी देण्याची चर्चा चालू असलेल्या आजच्या काळात ही कादंबरी तरुणांनी अवश्य वाचावी.

भयकथेत नारायण धारप यांचे स्थान अढळ आहे. ‘समर्थ’ ही त्यांची व्यक्तिरेखा अनिष्ट शक्तींशी शस्त्राने न लढता आत्मबलाने आणि निश्चयाने लढते. धारपांचे भय ओळखीच्या वाड्यात, गावाच्या वेशीवर, संध्याकाळच्या फटीत उभे असते. ज्यांना झोपेची काळजी आहे त्यांनी ही पुस्तके दिवसा वाचावीत.

घरात ही पुस्तके असावीत काय?

काही वाचक विचारतील की, जेथे लहान जीवाचीही हिंसा टाळण्याचे संस्कार दिले जातात त्या घरांत खुनाच्या कथा कशाला? प्रश्न योग्य आहे. याचे उत्तर निवडीत आहे. वरीलपैकी व्हर्नच्या कादंबरीत उत्कंठा केवळ घड्याळाची आहे, ‘मूनस्टोन’च्या मध्यभागी चोरी आहे, नारळीकरांचा विषय ज्ञानाचा मोह आहे. जेथे मृत्यू आहे तेथेही चांगला लेखक त्याचा उत्सव करीत नाही. त्या एका कृत्याचे ओझे किती माणसांच्या खांद्यांवर किती वर्षे राहते, याचा तो हिशेब मांडतो. ज्या पुस्तकात मृत्यू हा केवळ धक्का देण्यासाठी येतो आणि पुढच्या पानावर विसरला जातो, ते पुस्तक घरात न आणलेलेच बरे.

या वाचनाचा एक लाभ आपल्या घरांना विशेष आहे. आपला सारा व्यवहार माणसाच्या पारखीवर उभा आहे. गोड बोलणारा गिऱ्हाईक, अबोल भागीदार, उगाच घाई करणारा दलाल यांच्याविषयी आपण रोज मत बनवितो, आणि ते चुकले तर किंमत मोजतो. रहस्यकादंबरी हीच पारख कोणतीही रक्कम न गमावता घडविते. आपण कोणावर संशय घेतला आणि कोणाला सहज निर्दोष मानले, हे शेवटच्या पानावर आपल्यालाच दिसते. चेहऱ्यावरून, पोशाखावरून, ऐकीव गोष्टीवरून आपण किती घाईने निवाडा करतो, याची जाणीव तेथे होते. इंग्लंडातील धुण्याची वही असो की पॅरिसमधील हॉटेलांची दप्तरे, सत्य बहुधा कोणाच्या तरी साध्या, नित्याच्या नोंदीत सापडते, हेही तेथे शिकायला मिळते.

संग्रहाचा प्रारंभ करावयाचा झाल्यास क्रम असा ठेवावा : लहानांसाठी व्हर्न व फास्टर फेणे, किशोरांसाठी नारळीकर, ब्योमकेश आणि संक्षिप्त माँटे क्रिस्टो, तरुणांसाठी ख्रिस्ती, ‘रिबेका’ आणि हिगाशिनो, प्रौढांसाठी कॉलिन्स, मुनशी, फोर्सिथ आणि सर्वांत शेवटी एको. सर्व पुस्तके विकत घेण्याची आवश्यकता नाही. गावातील वाचनालयात चौकशी करावी, मराठी अनुवाद मिळतो काय ते पाहावे. चातुर्मासात सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपतात आणि पावसाची लांब संध्याकाळ हाताशी उरते. त्या वेळी एकाने रोज एक प्रकरण मोठ्याने वाचावे आणि इतरांनी ऐकावे. प्रकरण संपले की पुस्तक मिटावे आणि प्रत्येकाने आपला तर्क सांगावा. आजीचा तर्क नातवापेक्षा बरेचदा अधिक अचूक निघेल. उद्यापर्यंत थांबण्याची ही सवय सध्या दुर्मिळ झाली आहे. क्रमशः येणाऱ्या कादंबऱ्यांच्या काळी वाचक आठवडाभर थांबत असत आणि त्या थांबण्यात विचार करीत असत.

एक पथ्य मात्र सर्वांनी पाळावे. ज्याने पुस्तक आधी वाचले असेल त्याने शेवट सांगू नये. दुसऱ्याच्या उत्कंठेची ती ठेव आहे, आणि ठेव जशीच्या तशी परत करणे ही आपली जुनी रीत आहे.